रोल संपवायचा होता म्हणून

बाबांचा कॅमेरा आमच्या चिपळूणच्या घरात कसा ठेवलेला असायचा ते आधी सांगते. कॅमेरा त्याच्या ब्राऊन चामड्याच्या केसमध्ये, केस पिवळ्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली, ते सगळं प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबरबँड, आणि मग माडीवरच्या गोदरेजच्या कपाटात सगळ्यात वरच्या खणात, आईच्या शालूशेजारी, डांबरगोळ्यांसकट. वर्षातून चार-पाचदा तो खाली यायचा. गणपतीत, दिवाळीत, कुणाच्या मुंजीला, मे महिन्यात मुंबईची मंडळी आली की. बाबा आधी हात धुवायचे, पंच्याला पुसायचे आणि मगच केसचं बटण उघडायचे. आम्ही भावंडं भोवती उभी, पण हात लावायचा नाही.

मोठे काका बोटीवर होते, त्यांनी १९७७ साली सिंगापूरहून आणलेला तो कॅमेरा. याशिका इलेक्ट्रो ३५, त्यातलं जीएसएन मॉडेल. इलेक्ट्रो ३५ पहिल्यांदा आला १९६६ मध्ये आणि जीएसएन आला १९७३ मध्ये. पुढे लेन्स ४५ एमएम, एफ १.७, म्हणजे चांगलीच मोठी काच, संध्याकाळच्या उजेडातही फोटो यावा इतकी. ह्यात आपण फक्त अ‍ॅपर्चर ठरवायचं, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं ते (एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं), शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते कॅमेरा स्वतः ठरवतो, एका सेकंदाच्या पाचशेव्या भागापासून तीस सेकंदांपर्यंत. उजेड कमी असेल तर पिवळा दिवा लागतो, फार असेल तर लाल. खिडकीतून बघितलं की मधोमध एक पिवळट ठिपका दिसतो, त्यात समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा असतात, रिंग फिरवत दोन्ही एकावर एक आणल्या की फोकस झाला. लहानपणी एकदाच बाबांनी मला त्यातून बघू दिलं होतं. तुळशीवृंदावनाशी उभी असलेली आजी आधी दोन होती आणि मग एक झाली. ते बघितल्यावर मला जे वाटलं ते अजून तसंच्या तसं आठवतं, जादू वगैरे नाही, उलट काहीतरी अगदी बरोबर जागेवर बसल्यासारखं.

केसच्या आत झाकणाला एक चिठ्ठी चिकटवलेली होती, बाबांच्या मास्तरी अक्षरात. 'सेल नसल्यास : ऊन ८, ढग ४, पाऊस नाही.' कितीतरी वर्षं मला तिचा अर्थ माहीत नव्हता. ह्या कॅमेऱ्याला ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो चिपळुणात कुठून मिळणार, काका आले की दोन घेऊन यायचे. पुढेपुढे पाऱ्यामुळे ते सेल बनायचेच बंद झाले. आणि सेल नसला की इलेक्ट्रो एकाच वेगाने चालतो, एक पाचशेवर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागावर. मग बाबांनी १०० एएसएचा (एएसए म्हणजे फिल्मचा स्पीड, ती उजेड किती लवकर टिपते ते) रोल घालून स्वतःच आडाखा बांधला, कडक उन्हात एफ ८, ढगाळ असेल तर ४, आणि पावसात कॅमेरा काढायचाच नाही. फोटोग्राफीच्या पुस्तकांत 'सनी सिक्स्टीन' म्हणून जो नियम असतो, कडक उन्हात एफ १६ ठेवा आणि शटर फिल्मच्या स्पीडइतकं, त्याच्याशी हे पडताळून बघितलं तर तंतोतंत जुळतं. १०० च्या फिल्मला एफ १६ वर साधारण एक सव्वाशे, तेच दोन पायऱ्या अ‍ॅपर्चर उघडलं की एफ ८ वर एक पाचशे. बाबांनी पुस्तक वाचलं होतं की रोल वाया घालवून शिकले ते विचारलं तर म्हणाले, "शिकलो असेन कुठेतरी." मला वाटतं रोल वाया घालवूनच, पण ते कबूल करायचे नाहीत, कारण आमच्या घरात रोल वाया घालवणं म्हणजे भात टाकून देण्यासारखं होतं.

पगार मास्तरांचा. ३६ चा रोल गणपतीत घातला तर कधी कधी होळीपर्यंत पुरायचा. सुरुवातीला ब्लॅक अँड व्हाइटच, मिळाला तर ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू, आपल्याच देशात बनलेला. एकेक फोटो मोजून. सगळे ओळीने उभे, मोठी माणसं खुर्चीवर, मुलं पुढे मांडी घालून, सूर्य बाबांच्या पाठीशी म्हणजे आमच्या डोळ्यात. रोल स्टुडिओत धुवायला टाकला की निगेटिव्हच्या पट्ट्या यायच्या, बाबा त्या खिडकीशी उजेडात धरून बघायचे आणि ठरवायचे कुठल्या फोटोच्या प्रिंट मारायच्या. सगळ्यांच्या मारायच्या नाहीत, परवडायचं नाही. निवडलेले दहा-बारा अल्बममध्ये जायचे, काळ्या कागदाचा, कोपरे चिकटवायचा अल्बम, आणि निगेटिव्ह बटरपेपरच्या पाकिटात घालून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.

मग २००१-०२ च्या सुमारास कॅमेरा वर गेला तो गेलाच. भावाने डिजिटल आणला, मग मोबाइल आले, आणि बाबा म्हणाले, "असू दे, जपून ठेवलाय."

२२ जुलै २०२१. चिपळूणच्या माणसाला ह्या तारखेचं वेगळं सांगावं लागत नाही. वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, खालच्या मजल्यावर माणसाच्या डोक्यावर गेलं, आईबाबा माडीवर, मी पुण्यात फोन हातात घेऊन बसलेली आणि फोन लागत नाही. ते दोघं सुखरूप राहिले, बाकी सगळं नंतरचं. पाचव्या दिवशी मी पोचले तेव्हा अंगणात चिखलात सगळं घर काढून ठेवलेलं होतं आणि त्यात अल्बमसुद्धा. खालच्या शोकेसमध्ये होते ना ते, पाहुण्यांना दाखवायला सोपे म्हणून.

इथे आमच्याकडून एक चूक झाली आणि ती लिहून ठेवते कारण कुणाच्यातरी उपयोगी पडेल. आम्ही ते फोटो उन्हात वाळत घातले. असं करायचं नसतं. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, पाण्यात तो फुगतो, मऊ होतो, आणि एकमेकांना टेकलेले फोटो तसेच वाळले की तो थर डिंकासारखा धरतो. ओल्या फोटोंना ओलंच ठेवायचं, स्वच्छ गार पाण्यात सोडायचं, हळूहळू एकेक सुटा करायचा आणि मग एकेक पसरून वाळवायचा. मला हे कळलं महिनाभराने. तोवर अल्बमांच्या विटा झाल्या होत्या. आजीचा एकही चांगला फोटो राहिला नाही.

पण माडीवर दोन गोष्टी होत्या. कॅमेरा आणि तो डबा.

डबा उघडल्यावर आधी व्हिनेगरसारखा वास आला. जुन्या निगेटिव्हचा पाया अ‍ॅसिटेटचा असतो आणि तो कुजायला लागला की असाच आंबूस वास सुटतो. नशीब, एकाच पाकिटातली पट्टी वाकडी झाली होती, ती मी वेगळी काढली कारण एकीमुळे शेजारच्याही खराब होतात. उरलेल्या एकेक करून टॅबलेटच्या पांढऱ्या स्क्रीनवर, मध्ये दुधी काचेचा तुकडा ठेवून, मोबाइलने काढल्या आणि उलट्या केल्या, काळ्याचं पांढरं. दोन महिने हेच, रात्री जेवणं झाली की.

आणि त्यात मला ते फोटो दिसले जे कुणीच कधी पाहिले नव्हते.

मुंजीचे, गणपतीचे फोटो तर होतेच, ते मला तोंडपाठ होते. पण प्रत्येक रोलच्या शेवटी तीन-चार असे, ज्यांची प्रिंट कधी मारलीच नव्हती. परसातला तांब्याचा बंब, त्याच्यातून धूर निघतोय. पाठमोरी आई, विळीवर नारळ खवतेय, अंबाडा सुटलेला. ओटीवरचा झोपाळा, रिकामा, पण नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखा थोडा तिरका. बाबांची सायकल. पडवीत वाळत घातलेली आमची शाळेची दप्तरं. आणि एका पट्टीवर आजी, चुलीसमोर, एका हाताने डोळे पुसत, धुरामुळे असेल, कॅमेऱ्याकडे तिचं लक्षसुद्धा नाही.

बाबांना दाखवले तर त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितले आणि म्हणाले, "हे काय, हे रोल संपवायचा होता म्हणून मारलेले."

संपवल्याशिवाय रोल धुवायला देता यायचा नाही आणि अर्धा रोल कॅमेऱ्यात पावसाळाभर पडून राहिला तर खराब व्हायचा. म्हणून सोहळा झाला की उरलेले तीन-चार फोटो बाबा घरातच फिरून, समोर जे दिसेल त्यावर, मारून टाकायचे. मी हे सगळे फोटो शेजारीशेजारी लावून बघितले. जे जपून काढले त्यात आम्ही सगळे आहोत, पण घर नाही. ह्या टाकाऊ फोटोंमध्ये आमचं घर आहे, पूर्ण, वासासकट. मोरीचा कठडा कुठल्या बाजूला होता ह्यावर भावाशी वाद व्हायचा, तोही मिटला.

मग मी कॅमेरा काढला. रबरबँड तुटून पडला, पिशवी हाताला चिकटली, केस उघडली तर चामड्यावर हिरवट पांढरा थर. लेन्समागे टॉर्च धरला तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी, मधून कडेकडे पसरलेली. मागचं झाकण उघडलं तर उजेड अडवणारा जो फोम असतो त्याचं काळं चिकट डांबर झालेलं, बोटांना लागलं ते साबणाने जाईना. फिल्म पुढे ओढायचा खटका ओढला तर तो मुकाट सरकला. पूर्वी त्याचा 'ठक' असा आवाज यायचा, मला चांगला आठवत होता.

दुरुस्तीला दोघांनी नाही म्हटलं, एकाने तर "शोसाठी ठेवा, छान दिसतो" असं सांगितलं, त्याचं मला फार वाईट वाटलं. शेवटी मुंबईत फोर्टातल्या एका जुन्या इमारतीत एक काका सापडले. छोटी खोली, टेबलावर दिवा, भिंतीवर ड्रॉवरच ड्रॉवर, आणि प्रत्येक ड्रॉवरमध्ये मेलेल्या कॅमेऱ्यांचे भाग, कारण नवे भाग कुठून येणार. याशिका कंपनी १९८३ मध्ये क्योसेराकडे गेली आणि क्योसेराने २००५ मध्ये कॅमेरे बनवणंच थांबवलं. काकांनी कॅमेरा कानाशी धरून खटका ओढला, सोडला, परत ओढला.

"पॅड गेलंय," ते म्हणाले. ह्या कॅमेऱ्याच्या पोटात रबराचा एक एवढासा तुकडा असतो, तो वयाने विरघळला की तो 'ठक' जातो आणि उजेडाचं सगळं गणित बिघडतं. जगभर इलेक्ट्रोवाले लोक ह्याच तुकड्याला घाबरून असतात. मग त्यांनी केस हातात घेतली, वास घेतला आणि विचारलं, "ताई, हा ह्याच्यातच होता का? किती वर्षं?"

"वीस. बाबांनी खूप जपून ठेवला होता."

"तेच झालं. चामडं दमट हवा ओढून धरतं, आत अंधार, वारा नाही. बुरशीला आणखी काय पाहिजे? अहो, वापरात असता तर काही झालं नसतं. ऊन लागलं असतं, तेल फिरत राहिलं असतं."

मी तिथून जिना उतरले आणि खाली रस्त्यात थोडा वेळ उभीच राहिले. कोकणातल्या माणसाला हे कळायला किती वेळ लागावा? गावात दर चौथं घर बंद असतं, मालक मुंबईला, कुलूप मोठं, वर्षातून एकदा येऊन साफसफाई करतात, आणि तरी तीच घरं पडतात. शेजारचं मातीचं घर, ज्यात रोज चूल पेटते, माणसं आपटतात, मुलं भिंती खरवडतात, ते उभं असतं. आपण हे बघतच मोठे झालो. आणि तरी आपल्याकडे जपणं म्हणजे गुंडाळून ठेवणंच, चांगली भांडी पाहुण्यांसाठी, चांगली साडी लग्नासाठी, आणि कॅमेरा रबरबँड लावून.

दीड महिन्याने काकांनी कॅमेरा परत दिला. लेन्स खोलून पेरॉक्साइड आणि अमोनियाने काचा पुसल्या होत्या, बुरशी गेली, पण तिने काचेवरच्या कोटिंगमध्ये खाल्लेली एक रेघ राहिली, बुरशी आम्ल सोडते, ती खूण जात नाही. उजेडाकडे तोंड करून फोटो काढला तर त्या रेघेमुळे एक धुरकट पट्टा येतो. मला तो चालतो. फोमच्या जागी त्यांनी काळी मखमली फीत लावली होती, कापडाच्या दुकानात मिळते तीच. पाऱ्याच्या सेलऐवजी आता ६ व्होल्टचा ४एलआर४४ सेल आणि त्याच्याबरोबर एक छोटी स्प्रिंग, जागा भरायला. मी खटका ओढला. ठक.

तेव्हापासून मी त्याच्यावर फोटो काढते आणि आता जवळजवळ सगळे रोल घरीच धुते. ह्याबद्दल थोडं सांगते कारण इंटरनेटवर जे सगळे शिकवतात ते गार देशातले असतात. प्रत्येक डब्यावर लिहिलेलं असतं २० डिग्री. इलफर्डचा एचपी५ प्लस हा रोल, आयडी-११ ह्या डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्मवर चित्र उठवणाऱ्या रसायनात, २० डिग्रीला साडेसात मिनिटं. पुण्यात एप्रिलमध्ये नळाचं पाणी ३० च्या आसपास! डेव्हलपर गरम असेल तर काम भराभर होतं, डिग्रीमागे साधारण दहा टक्के वेळ कमी करायचा हे खरं, पण तो वेळ पाच मिनिटांच्या खाली गेला की फिल्मवर डाग-पट्टे येण्याची भीती असते. म्हणून मी बादलीत बर्फ टाकते, बाटल्या त्यात उभ्या करते आणि २४ वर आलं की सुरू करते, त्याच्या खाली आणायच्या हट्टाला पेटत नाही. फक्त सगळी पाणी सारख्याच तापमानाची हवीत, डेव्हलपर गार आणि धुवायचं पाणी कोमट असं केलं तर जिलेटिनला सुरकुत्या पडतात.

पावसाळ्यात वेगळंच. अंधाऱ्या पिशवीत हात घालून फिल्म प्लास्टिकच्या रिळावर चढवायची असते, आणि जुलैत हाताला घाम, रिळ दमट, फिल्म अर्ध्यावर अडकते ती पुढे जात नाही मागे येत नाही. पहिल्या पावसाळ्यात मी एक अख्खा रोल असा चुरगाळला, भाचीच्या बारशाचा होता, आणि बारसं परत होत नाही. आता आधी रिळावर ड्रायर फिरवते. शेवटचं पाणी डिस्टिल्ड, गॅरेजमध्ये बॅटरीत घालायला मिळतं ते, नाहीतर क्षाराचे पांढरे ठिपके सुकतात. आणि मग बाथरूममध्ये कपड्याच्या चिमट्यांनी रोल टांगायचा, खाली वजनाला आणखी एक चिमटा. रोल ओला असताना पहिल्यांदा वर धरून बघायचा क्षण मला प्रत्यक्ष फोटोपेक्षा जास्त आवडतो, माणसं काळी, आभाळ काळं, केस पांढरे, आणि तरी प्रत्येकजण ओळखू येतो.

एकदा ह्यात पडलं की माणूस एका कॅमेऱ्यावर थांबत नाही. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथे मी एक आगफा क्लिक थ्री घेतला, भारतात बनायचा तो, १२० च्या, म्हणजे रुंद फिल्मच्या रोलवर बारा चौकोनी फोटो, सेटिंग म्हणजे सूर्याचं चित्र आणि ढगाचं चित्र. बाबांच्या चिठ्ठीसारखंच की! कुणी मला विचारतं जुना घेताना काय बघायचं, तर माझं सांगणं एवढंच की टॉर्च घेऊन जा, लेन्सच्या आरपार बघा, मागचं झाकण उघडून फोम बोटाने दाबा, आणि शटर सगळ्या वेगांवर दहा-दहा वेळा दाबून कानाने ऐका. आणि घेतला तर महिन्यातून एकदा तरी वापरा. फिल्म महाग झालीय हे मान्य, चांगला ३६ चा रोल हजाराच्या घरात जातो, पण रिकामा कॅमेरासुद्धा उघडा, खटका ओढा, दाबा, ऊन दाखवा. पावसात मी धान्याच्या हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवते, जेल निळ्याचं गुलाबी झालं की कढईत परत तापवायचं. चामड्याची केस वेगळी, दुसऱ्या खोलीत. कॅफेमध्ये भिंतीवर सजवून ठेवलेले कॅमेरे दिसतात ना, एकदा तर एक चांगला रोलिकॉर्ड, जुना दोन लेन्सचा जर्मन कॅमेरा, बघितला, लेन्सला झाकण नाही, शेजारी कॉफीचं मशीन वाफ सोडतंय. मी तिथे नीट बसू शकले नाही.

ह्या मे महिन्यात कॅमेरा घेऊन चिपळूणला गेले. रोल पुण्यातच घातला होता, मोजणीच्या खिडकीत ३३ आकडा दिसत होता. आदल्या दिवशी मावसभावाच्या मुलाची मुंज झाली होती, ओळीत उभे राहून सगळे फोटो झाले होते. दुपारी बाबा आरामखुर्चीत बसले होते, मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला.

"मला कशाला? मला आता दिसत नाही त्यातून."

"तीनच राहिलेत. रोल संपवायचाय."

ते तसेच बसले थोडा वेळ. मग उठले, मोरीवर जाऊन हात धुतले, पंच्याला पुसले. खटका ओढला आणि तो ठक ऐकून माझ्याकडे बघितलं. सेल आहे म्हणून मी सांगत होते, पण त्यांनी दारातून ऊन बघितलं आणि रिंग ८ वर नेली. एक फोटो अंगणातल्या फणसाचा. एक पुरानंतर नव्याने घातलेल्या लादीचा, ज्याच्यावर आईचे ओले पाय उमटले होते. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "माझा नको हं, मी अशीच आहे," आणि तिने वळून बघायच्या आत तिसरा झाला होता.

मग त्यांनी कपाटातून केस काढली, आणली होती मी बरोबर पण दाखवली नव्हती, पहिल्याच दिवशी माडीवर नेऊन ठेवली होती, ती त्यांनी कशी शोधली कोण जाणे. कॅमेरा आत बसवला, बटण लावलं, फ्लॅनेल शोधायला लागले. मी काही बोलले नाही. रात्री ते झोपल्यावर जाऊन कॅमेरा बाहेर काढला, आणि सकाळी ओटीवर ऊन आलं तेव्हा पायरीवर ठेवला, लेन्स पूर्वेकडे थोडी तिरकी करून. बाबा चहाचा कप घेऊन आले, बघितलं, आणि शेजारी बसले.